पेशींचीं दारें

लाल मिरचीचा ठेचा जिभेवर पडला म्हणजे ‘तोंड भाजलें’ असा उद्गार निघतो, आणि पेपरमिंटची गोळी चघळली म्हणजे तोंडांत गारवा पसरतो. त्या वेळीं जिभेखालीं थर्मामीटर धरला, तर पारा जेथल्या तेथेंच राहिलेला दिसेल. मग ही आग आणि हा गारवा येतो कोठून? प्रश्न स्वयंपाकघरांतला, पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां शास्त्रज्ञ सजीव सृष्टीच्या एका मूलभूत रचनेपाशीं येऊन पोंचले.

प्रत्येक पेशीभोवतीं स्निग्ध द्रव्याचें एक अतिसूक्ष्म आवरण असतें. त्याची जाडी सुमारें ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्यांतील अणु विद्युद्भार घेऊन एकमेकांपासून विलग होतात. अशा भारित अणूंस आयन म्हणतात. तेलांत मीठ विरघळत नाहीं. त्याचप्रमाणें या स्निग्ध आवरणांतून आयनांस सहसा पलीकडे जातां येत नाहीं. पेशी मात्र शक्ति खर्चून आंत पोटॅशियमचा आणि बाहेर सोडियम व कॅल्शियम यांचा साठा राखीत असते. परिणामीं शांत असलेल्या मज्जापेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानानें सुमारें ०.०७ व्होल्ट इतका ऋण असतो. आंकडा क्षुल्लक वाटतो. पण आवरणाची जाडी लक्षांत घेतली, तर हा ताण मीटरमागें एक कोटी व्होल्टांहून अधिक भरतो. धरण तुडुंब भरलेलें असावें, आणि केवळ दार उघडण्याचाच अवकाश असावा, तशी ही स्थिति असते.

तीं दारें म्हणजे आवरणांत आरपार बसलेलीं प्रथिनें. त्यांस आयनवाहिन्या असें नांव आहे. कांहीं वाहिन्या विद्युद्दाब बदलल्यानें उघडतात, कांहीं विशिष्ट रसायनाच्या स्पर्शानें, कांहीं उष्णतेनें, तर कांहीं आवरण ताणलें गेल्यानें. १९७६ सालीं जर्मनींतील एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनीं कांचेच्या अतिसूक्ष्म नळीचें टोंक पेशीच्या आवरणाला लावून एकाच वाहिनींतून वाहणारा प्रवाह मोजला. दार उघडें तरी असे, नाहीं तर बंद तरी. उघडलेल्या अशा एका दारांतून सेकंदाला दहा लाखांहून अधिक आयन जाऊं शकतात. या कार्याबद्दल १९९१ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मिरचीचें कोडें १९९७ सालीं सुटलें. सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनीं वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींतील जनुकांचे असंख्य तुकडे गोळा केले. मिरचीच्या तिखट द्रव्याला, म्हणजे कॅप्सेसिनला, मुळींच दाद न देणाऱ्या पेशींत ते सोडून, कोणत्या तुकड्यानें त्या पेशी तिखटाला जागतात हें पाहिलें. अखेर हातीं आलें तें एका आयनवाहिनीचें जनुक. पुढें ध्यानांत आलें, कीं सुमारें ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णताही हेंच दार उघडते. दार उष्णतेनें उघडलें काय, किंवा कॅप्सेसिननें उघडलें काय, मेंदूकडे जाणारी वर्दी एकच. म्हणून मिरची ‘भाजते’. २००२ सालीं थंडीनें उघडणारी वाहिनी सांपडली. पेपरमिंटमधील मेंथॉल तीच वाहिनी उघडतें. पक्ष्यांची उष्णतावाहिनी तापानें उघडते, पण कॅप्सेसिनला दाद देत नाहीं. त्यामुळें पोपट मिरची मिटक्या मारीत खातो.

स्पर्शाचें दार शोधणें त्याहून अवघड होतें. कॅलिफोर्नियांतील आर्डेम पाटापुटियन व त्यांचे सहकारी यांच्यापाशीं अशा पेशी होत्या, कीं ज्यांस बारीक कांचनळीनें टोचतांच विद्युत्प्रवाह उमटे. त्यांनीं ७२ संशयित जनुकें निवडलीं आणि एकेक निष्क्रिय करून पेशी टोचून पाहिल्या. बहात्तरावें जनुक बंद केल्यावर पेशी स्तब्ध राहिली. हा शोध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ‘दाबणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या वाहिनीस पिएझो हें नांव मिळालें. तिला तीन वक्र पातीं असतात. आवरण ताणलें गेलें म्हणजे तीं सपाट होतात आणि मधली वाट मोकळी होते. ज्यूलियस व पाटापुटियन यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

या दारांचें मोल तीं नसलीं म्हणजे कळतें. पिएझो-२ ही वाहिनी जन्मतः निकामी असलेल्या दोन रुग्णांचें वर्णन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. डोळ्यांच्या साह्यानें त्यांचें चालणें होई. पण डोळ्यांवर पट्टी बांधतांच तोल ढळे, आणि कोणी हात हलविला तर तो वर गेला कीं खालीं, हेंही त्यांस सांगतां येईना.

वेदनेवरील औषधांच्या शोधांतही हाच धडा मिळाला. ऊन्हानें करपलेल्या त्वचेंत उष्णतावाहिनी कमी तापमानालाच उघडूं लागते, म्हणून कोमट पाणीही चटका देतें. तेव्हां तें दारच बंद केलें तर वेदना थांबेल, अशा आशेनें औषधें तयार झालीं. पण माणसांवरील चांचण्यांत कांहीं औषधांनीं शरीराचें तापमान वाढलें, तर कांहींनीं धोक्याच्या उष्णतेची जाणीवच बोथट केली. ज्यास पेल्याचा चटका कळत नाहीं, त्याचा हात पोळल्यावांचून कसा राहील? जें दार छळतें, तेंच रक्षणही करतें. म्हणून दार कायमचें बुजविणें हा उपाय नव्हे. रोगानें सैल झालेलें दार पूर्ववत् घट्ट करावें आणि खऱ्या संकटाच्या वेळीं तें उघडण्यास मोकळें ठेवावें, हेंच या शास्त्रापुढील कठीण कार्य आहे.