बंदी आली, धोका राहिला

३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी जगभरातून मागे घेतली. सुमारे २,६०० जणांवरच्या चाचणीत, दीड वर्षाहून जास्त काळ ती घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके दुपटीच्या घरात गेले होते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला भारताने तिच्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी व्हाल्डेकॉक्सिब गेले, २०१० मध्ये मधुमेहावरचे रोझिग्लिटाझोन, २०११ मध्ये वजन घटवणारे सिबुट्रामिन. प्रत्येक निर्णय योग्यच होता. तरीही या वीस-बावीस वर्षांकडे मागे वळून पाहिले, की वाटते, आपण एकेक नाव खोडत गेलो आणि धोका मात्र दुखण्याच्या गोळ्यांच्या अख्ख्या घराण्यात होता.

याचा भक्कम पुरावा २०१३ मध्ये आला. शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसले, की डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीचा मोठा डोस रोफेकॉक्सिबच्या जातीच्या गोळ्यांइतकाच हृदयाला जड जातो, आणि हृदय कमजोर होऊन दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण या घराण्यातल्या सगळ्याच औषधांनी साधारण दुप्पट होते. युरोपने त्याच वर्षी हृदयरुग्णांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे ठरवले. नेमक्या त्याच वर्षी, नोव्हेंबरात, आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी जीवनदायी योजना बुलढाण्यासह उरलेल्या जिल्ह्यांत पोचली. ज्या घरांनी अँजिओप्लास्टीचा विचारही केला नसता, त्या घरांतली माणसे स्टेंट घालून गावी परतू लागली. ही फार मोठी गोष्ट झाली. पण ही माणसे परतली ती कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या गावात, जिथे कंबर धरली की मेडिकलवरून गोळी आणायची रीत आहे. डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरचे औषध आहे, हे तिथे कितीजणांना ठाऊक असते?

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यांत हा प्रश्न आणखी गंभीर होतो. दुखण्याची गोळी मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करते आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. हृदयरुग्ण बहुधा रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच घेत असतो. या दोन्हींत तिसरी पडली, की मूत्रपिंड अचानक बसू शकते. ज्या भागात विहिरी-बोअरचे पाणीच खारट आणि मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षे जुनी, तिथे तर ही भीती अधिकच धरायला हवी. डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मरतात म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांना पक्ष्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्या निर्णयातली तत्परता माणसांच्या वाट्याला यायला हवी होती.

यावर कुणी म्हणेल, धोका हजारात तिघांचा, मग एवढा गवगवा कशाला? हजारामागे वर्षाला तीन जादा झटके ही सरासरी आहे, आणि तीत निरोगी माणसेही धरलेली आहेत. आधी झटका येऊन गेलेल्या ८३ हजारांहून अधिक डॅनिश रुग्णांच्या नोंदी २०११ मध्ये तपासल्या, तेव्हा डायक्लोफेनॅकचा धोका गोळी सुरू केल्यापासूनच वाढलेला दिसला. ‘दोनच दिवस घेतो’ हा दिलासा म्हणून टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार, आणि दुखणे सोसायचे तरी किती? सोसायला सांगणे अन्यायच आहे. योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल आणि गुडघ्याला चोळायचे मलम हे पर्याय पुष्कळ सुरक्षित आहेत आणि स्वस्तही. ते नेहमी पुरे पडत नाहीत, हेही मान्य करायला हवे. अशा वेळी कोणती गोळी, किती दिवस, हे हृदयाची फाइल पाहूनच ठरायला हवे. ती फाइल घरात पत्र्याच्या पेटीत असते. योजनेतून रुग्णाला सुटी देताना मोठ्या अक्षरांत, मराठीत, ‘ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका’ असे कार्ड खिशात ठेवायला दिले, आणि मेडिकलवाल्याने गोळी काढण्याआधी ‘हृदयाचा त्रास आहे का’ एवढे विचारले, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.