संगणक जुना झाला, निकामी नव्हे!

नारायणगावहून खोडदकडे निघालात की शेतांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जुन्नर-आंबेगाव परिसराचे नाव जगभर नेणारी ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळकरी मुले ती पाहायला गर्दी करतात. तबकड्या सगळ्यांच्या लक्षात राहतात; पण त्यांनी टिपलेले संकेत ज्या संगणकांवर एकत्र केले जातात, त्यांवर कोणती कार्यप्रणाली चालते, हे फारसे कुणी विचारत नाही. उत्तर आहे, लिनक्स. हीच प्रणाली तुमच्या घरात कापडाखाली झाकून ठेवलेल्या जुन्या संगणकालाही पुन्हा कामाला लावू शकते.

नेमके काय बिघडते?

"संगणक म्हातारा झाला, आता चालत नाही," असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात आतला प्रोसेसर वयामुळे मंदावत नाही. तो पूर्वीइतक्याच वेगाने आकडेमोड करतो. बदलते ते त्याच्यावरचे ओझे. यंत्र आणि आपण वापरतो ती सॉफ्टवेअर यांच्यामधला कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. दर नव्या आवृत्तीगणिक हा कारभारी स्वतःच जास्त मेमरी खाऊ लागतो आणि कामासाठी थोडीच उरते. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि पंख्यावर साचलेली धूळ यांची भर पडते.

आता आणखी एक अडचण आली आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांनी वेगळी नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे नाहीत. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विंडोज ११ घ्यावी, तर ती टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर मागते. साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, तरी बाद!

मोफत पर्याय

फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली मोफत मिळतात. जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू सोयीची. मिंट २ जीबी मेमरीवर चालते. ४ जीबी असेल तर काम सुरळीत होते. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, चित्रफितींसाठी व्हीएलसी अशी रोजच्या गरजेची सॉफ्टवेअर त्यावर चालतात. युनिकोड मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकाने टंकता येते. हे काही प्रयोगापुरते नाही. केरळमधील सरकारी शाळांत संगणक शिक्षण कित्येक वर्षे लिनक्सवरच दिले जाते.

अडते कुठे?

हे मात्र आधी तपासा. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर डीटीपीचे काम करणाऱ्यांची अडचण होईल. डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी की, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, एखादा प्रिंटर यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरून केलेली असतात. एक्सेलमधील गुंतागुंतीचे मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतीलच असे नाही. त्यामुळे दुकानाचा किंवा सेवा केंद्राचा मुख्य संगणक घाईने बदलू नये. मुलांचा अभ्यास, टंकलेखन, इंटरनेट, ऑनलाइन तास एवढेच काम असेल, तर बहुतेकांना काही अडणार नाही.

कसे करावे?

पहिले काम, फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मिंटची प्रणाली तयार करावी. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की काहीही न पुसता लिनक्स वापरून पाहता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन सगळे तपासा. पेनड्राइव्हवरून चालताना ती थोडी संथ वाटेल, ते स्वाभाविक आहे. पटले तरच कायम बसवा. पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला तर जुना मजकूर पुसला जातो, हे विसरू नका. शक्य असेल तर फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. वेगात जाणवण्याजोगा फरक पडतो तो याच एका खर्चाने.

प्रश्न आरोग्याचाही

यात केवळ पैशांची बचत नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. जुन्या मंडलांच्या डागकामात शिसे असते, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळल्या की डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत मिसळतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणून खरोखर मोडलेला संगणक भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा, आणि चालणारा आधी चालवून पाहावा.

घोडेगावपासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत, ओतूरपासून नाणेघाटापर्यंत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे मुलांसाठी नवा संगणक घेणे परवडत नाही. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांच्या घरी मात्र विंडोज १० चे संगणक आता बाजूला पडू लागतील. या सुट्टीत गावी येताना त्यातला एक गाडीत टाका, आणि सोबत तो ८ जीबीचा पेनड्राइव्हही.