म्हैस पान्हा का चोरते?

कल्याणला रेतीबंदरच्या बाजूला, खाडीकाठी, म्हशींचे तबेले आहेत. मोठ्या पावसात खाडी चढली की तबेल्यांत पाणी शिरतं आणि जनावरं गोविंदवाडी बायपासवर आणून बांधावी लागतात. अशा वेळी पेंड तीच, धार काढणारा माणूसही तोच असला, तरी म्हैस पान्हा चोरते. गर्दी आणि गोंगाट तर असतोच, पण ओळखीचा वासही हरवलेला असतो.

माणसाच्या नाकात वास टिपणारी ग्राहकं सुमारे 400 प्रकारची, गायीच्या नाकात साधारण हजार. शिवाय टाळूच्या वर गंध टिपणारं आणखी एक इंद्रिय असतं. लुडविग जेकबसन यांनी 1813 मध्ये त्याचं वर्णन केलं. माजावर आलेल्या म्हशीचं मूत हुंगून रेडा मान उंचावतो, वरचा ओठ दुमडतो, तेव्हा तो गंध या इंद्रियाकडे ओढत असतो. वासाचा मेंदूवर थेट परिणाम होतो. बोकडाच्या केसांतला एक गंधरेणू शेळीच्या मेंदूतल्या प्रजननकेंद्राला जागं करतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवलं.

पान्ह्याची गोष्ट सुरू होते ती व्यायल्याबरोबर. पारडाच्या अंगावरचं ओलं गर्भजल म्हैस चाटत राहते आणि त्या वासावरूनच पारडू तिचं होतं. शेळी तर याबाबत फार कडक. पहिल्या एक-दोन तासांत ओळख पक्की झाली की परकं करडू ती ढुशी मारून दूर लोटते. पारडू दगावलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायची जुनी रीत याच जाणिवेतून आली. म्हैस ते हुंगते, चाटते आणि दूध सोडते.

म्हशीच्या कासेतलं सुमारे 95 टक्के दूध वरच्या बारीक पिशव्यांत असतं. सडांजवळच्या पोकळीत जेमतेम 5 टक्के. पारडाचा वास आणि सडांना होणारा त्याच्या तोंडाचा स्पर्श यांमुळे मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. त्याचा जोर काही मिनिटांचाच. जनावर बिचकलं की ॲड्रेनलिन ही सगळी वाट अडवतं.

पारडाकडे दुर्लक्ष करायचं आणि रोज ऑक्सिटोसिन टोचायचं, ही पळवाट मला क्रूर वाटते. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायला कायद्यानेच मनाई आहे. तबेलेवाल्यांनी पारडं जगवावीत, धारेआधी ती आईला चाटू द्यावीत. धार काढणारा माणूस वारंवार बदलू नये. नवा आलाच, तर आधी त्याचा हात म्हशीला हुंगू द्यावा.