आधी ब्रेक, मग रंग



बीडहून सोलापूरकडे जाताना बालाघाटचा डोंगर लागतो. घाट चढून वर आले, की मांजरसुंबा हे गाव येते. धुळे-सोलापूर महामार्ग या गावातून जातो. पाटोद्याकडे आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारे रस्तेही येथेच फुटतात. या चौकात थोडा वेळ उभे राहा. मालट्रक, एस. टी., उसाने भरलेले ट्रॅक्टर अशी नाना तऱ्हेची वाहने दिसतील. त्यांत कधी एखादी जुनी जीपही दिसेल.

समजा, अशीच एक जीप गावाबाहेर एका चिंचेखाली दहा वर्षे उभी आहे. टायर बसले आहेत, पत्रा गंजला आहे आणि आसनात उंदरांनी घर केले आहे. घरचा मुलगा म्हणतो, ‘‘हिला झकास लाल रंग देऊ. मोठे टायर बसवू. मग बघा कशी पळते!’’ त्याचा उत्साह चांगला आहे; पण कामाचा क्रम चुकला आहे. ही जीप रस्त्यावर आली, तर तिला रोज घाट उतरायचा आहे. तेथे रंग उपयोगी पडत नाही. तेथे ब्रेक लागावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी या वाहनाची थोडी ओळख करून घेऊ.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. खड्डे, वाळू, चिखल यांतून जाईल अशी हलकी गाडी अमेरिकन सैन्याला हवी होती. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४५ साली के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली आणि पुढे जीप येथेच तयार होऊ लागली.

जीपचे वैशिष्ट्य कोणते? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. काळ्या मातीच्या चिखलात ती दोन चाके नुसती गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याजवळ दोन लहान दांडे दिसतात, ते या पेटीचे. एका दांड्याने पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. दुसऱ्या दांड्याने चाके सावकाश, पण जास्त जोराने फिरतात.

आता कामाला लागू. पहिले काम पाहणीचे. जीपचा सांगाडा, म्हणजे चासी, हा तिचा पाया आहे. चासी घासून स्वच्छ करावी आणि हातोडीने हलकेच ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते. गंजून पोकळ झालेल्या जागी आवाज बद्द येतो. थोडा गंज असेल, तर तो भाग कापून तेथे जाड पत्रा वेल्डिंगने जोडता येतो. पण चासी जागोजागी कुजली असेल, तर मोह सोडावा. पाया कच्चा असलेल्या घराला कोणी चुना लावत बसत नाही.

गाडीखाली काम करताना एक गोष्ट कधीही विसरू नका. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी मजबूत स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नये. सोडवलेले नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. ‘लक्षात राहील’ असे म्हणणाऱ्याचे दोन बोल्ट नेहमी उरतात.

दुसरे काम ब्रेकचे. तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम वाचला असेल. ब्रेक त्याच नियमावर चालतो. पायाने पॅडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो. हा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात. जुन्या जीपमध्ये या तेलाची वाट एकच असते. एका चाकाची नळी फुटली, तर चारही चाकांचा ब्रेक जातो! म्हणून सर्व नळ्या, रबरी वायसर आणि लायनर तपासून खराब ते बदलावेत. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फुप्फुसांना घातक असते. ती धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की ड्रम तापतात आणि तेलात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ सहज दाबली जाते. त्यामुळे पॅडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे.

तिसरे काम स्टिअरिंगचे. चाक फिरवूनही गाडी लगेच वळत नसेल, तर सांधे झिजले आहेत असे समजावे. त्याच वेळी चाकांचे बेअरिंग आणि कमानपाटेही पाहावेत. तुटलेला पाटा गाडीला एका बाजूला ओढतो.

इंजिनाची पाळी यानंतर येते. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम सुरू करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, रात्रभर थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या घालाव्यात. विजेच्या तारांचे आवरण उंदरांनी कुरतडले असेल, तर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये. उघड्या तारेची ठिणगी आणि पेट्रोल यांची गाठ पडली, की आग लागते.

गाडी दुरुस्त झाली, की सुधारणांचा विचार करता येतो. सर्वांत मोलाच्या सुधारणा डोळ्यांना दिसतही नाहीत. दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला, तर एक वाट फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, प्रत्येक आसनाला पट्टा आणि चांगले दिवे ही सुधारणाही अशीच उपयोगी आहे. मोठ्या टायरचे मात्र तसे नाही. त्यांनी गाडी उंच होते, वळणावर जास्त कलते आणि ब्रेकवरचा भार वाढतो.

येथे कायदाही लक्षात ठेवावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. बीडच्या गाड्यांवर ‘एम. एच. २३’ हा क्रमांक असतो. ज्या परिवहन कार्यालयात नोंदणी असेल, तेथे आधी विचारावे आणि मगच इंजिन बदलावे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांची वेगळी नोंदणी होते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. तेव्हा जीप जपायची की रोज वापरायची, हे मालकाने आधीच ठरवावे.

आता द्या लाल रंग! पण गंज खरवडून, प्रायमर लावून मगच. गंजावर दिलेला रंग दोन पावसाळ्यांतच फुगून सुटतो.

जीप तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. दुरुस्ती एकदा होते. निगा रोज ठेवावी लागते. सकाळी इंजिनचे तेल, रेडिएटरचे पाणी आणि ब्रेकचे तेल पाहावे. गाडी उभी होती तेथे जमिनीवर तेलाचा डाग आहे का, तेही पाहावे. डाग म्हणजे गाडीने दिलेली सूचना. दांड्यांच्या सांध्यांत आणि कमानपाट्यांच्या पिनांत वेळच्या वेळी ग्रीस भरावे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर गिअरचे आणि डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी गेले आहे.

चारही टायर एकाच मापाचे असावेत. तसेच कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा दांडा टाकू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर तो निघत नाही आणि गिअरांवर ताण पडतो.

अशी निगा राखलेली जीप आता मांजरसुंब्याचा घाट उतरणार आहे. चालकाने काय करावे? ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा चार पैसे वाचवतो आणि मागे बसलेल्यांचा जीव धोक्यात घालतो.

मित्रांनो, घाट उतरून जीप बीडला सुखरूप पोहोचते. लोक तिच्या लाल रंगाचे कौतुक करतात. नव्या ब्रेकच्या नळ्या कोणालाच दिसत नाहीत. पण मागे बसलेली माणसे घरी पोहोचली, ती त्या नळ्यांमुळे.

शब्दार्थ
झकास – छान, सुंदर
बद्द – न घुमणारा, दबका (आवाज)
मोह – हाव, आकर्षण
निगा – देखभाल, काळजी
मानवणे – सोसणे, योग्य ठरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ट्रान्सफर केस कोठे असते?
(आ) गिअरचे तेल पांढरट दिसले, तर काय समजावे?
२. कारणे द्या.
(अ) ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे.
(आ) कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा दांडा टाकू नये.
३. ‘दुरुस्ती एकदा होते, निगा रोज ठेवावी लागते.’ हे वाक्य तुमच्या सायकलीला कसे लागू पडते? पाच-सहा ओळी लिहा.