वाइल्डबीस्ट

वाइल्डबीस्ट किंवा नू हा आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांतील गवताळ प्रदेशांत कळपाने राहणारा, रवंथ करणारा समखुरी प्राणी आहे. बोव्हिडी कुळातील कॉनोकीटीस या प्रजातीत निळा वाइल्डबीस्ट (कॉनोकीटीस टॉरिनस) आणि काळा वाइल्डबीस्ट (कॉनोकीटीस नू) अशा दोन जाती मोडतात. मोठे डोके, वळलेली शिंगे व आयाळ यांमुळे तो गुरासारखा दिसत असला, तरी त्याची गणना कुरंगांमध्ये होते. भारतात आढळणारी नीलगाय म्हणजेच रोही हा याच कुळातील, परंतु निराळा प्राणी आहे. टांझानिया व केनिया या देशांतील सेरेंगेटी-मारा प्रदेशात निळ्या वाइल्डबीस्टचे दरवर्षी होणारे स्थलांतर जगप्रसिद्ध आहे.

नाव

'वाइल्डबीस्ट' हा शब्द आफ्रिकान्स भाषेतील असून त्याचा अर्थ 'रानगुरे' असा होतो. 'नू' हे नाव दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई लोकांच्या भाषेतून आले असून ते या प्राण्याच्या आवाजावरून पडले असावे, असे मानले जाते.

जाती व शारीरिक वैशिष्ट्ये

निळा वाइल्डबीस्ट आकाराने मोठा असतो. नराची खांद्याजवळील उंची सुमारे १३० ते १४५ सेंमी व वजन साधारणपणे १७० ते २९० किलोग्रॅम असते. रंग निळसर झाक असलेला करडा असून मान व खांद्यांवर गडद उभे पट्टे असतात. शिंगे प्रथम बाजूंना पसरून नंतर वर व आत वळतात, तर शेपूट काळे असते. या जातीच्या पाच उपजाती मानल्या जातात. सेरेंगेटीतील पांढऱ्या दाढीचा वाइल्डबीस्ट ही त्यांपैकीच एक होय.

काळा वाइल्डबीस्ट मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या मध्यवर्ती पठारी गवताळ प्रदेशातील आहे. त्याची खांद्याजवळील उंची सुमारे ११० ते १२० सेंमी असते. त्याची शिंगे प्रथम पुढे झुकून मग वर वळतात. घोड्यासारखे लांब पांढरे शेपूट ही त्याची ठळक खूण आहे.

दोन्ही जातींत नर व मादी या दोघांनाही शिंगे असतात.

आहार व वर्तन

वाइल्डबीस्ट मुख्यतः आखूड, कोवळे गवत खातो. रुंद मुस्कटामुळे त्याला जमिनीलगतचे गवत सहज खुडता येते. झेब्रे उंच व भरड गवत खात असल्यामुळे हे दोन प्राणी पुष्कळदा एकत्र चरताना दिसतात. निळ्या वाइल्डबीस्टला एक-दोन दिवसांआड तरी पाणी लागते, त्यामुळे पाण्यापासून फार दूर राहणे त्याला शक्य नसते.

विणीच्या हंगामात नर लहान क्षेत्रावर हक्क सांगतो. आवाज काढून, गुडघे टेकून व शिंगांना शिंगे भिडवून तो इतर नरांना दूर ठेवतो. गर्भधारणेचा काळ साधारण ८ ते ८.५ महिन्यांचा असतो. सेरेंगेटीत बहुतेक माद्या फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात. एकाच वेळी असंख्य पिल्ले जन्मल्यामुळे शिकारी प्राण्यांना त्यांतील थोडीच मारता येतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांतच उभे राहते आणि लवकरच कळपाबरोबर धावू लागते.

स्थलांतर

पावसाळ्यात सेरेंगेटीतील कळप दक्षिणेकडील आखूड गवताच्या मैदानांवर असतात. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली असल्याने गवतात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असते व ते दुभत्या माद्यांना उपयोगी पडते. मे-जूनमध्ये मैदाने सुकू लागली की कळप पश्चिमेकडे व उत्तरेकडे सरकतात आणि मारा नदी ओलांडून केनियातील मासाई मारा परिसरात जातात. वर्षअखेरीस पाऊस सुरू झाल्यावर ते पुन्हा दक्षिणेकडे परततात.

मारा नदी ओलांडताना दरवर्षी सरासरी ६,००० हून अधिक वाइल्डबीस्ट बुडून मरतात. त्यांच्या शवांवर मगरी, गिधाडे व मासे पोसले जातात. हाडे अनेक वर्षे सावकाश कुजत राहून नदीला पोषकद्रव्ये पुरवतात.

नैसर्गिक शत्रू व रोग

सिंह, ठिपकेदार तरस, चित्ता, बिबट्या, रानकुत्रे व मगरी हे वाइल्डबीस्टचे शत्रू आहेत. संकटात तो ताशी सुमारे ८० किमी वेगाने धावू शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांबरोबर आफ्रिकेत शिरलेल्या बुळकांडीच्या साथीने पाळीव गुरांसह वाइल्डबीस्टही मोठ्या संख्येने मेले. पुढे सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस टोचल्यानंतर १९६० च्या दशकात हा रोग वन्य कळपांतूनही नाहीसा झाला. १९६१ मध्ये सुमारे २.५ लाख असलेली तेथील वाइल्डबीस्टची संख्या १९७० च्या दशकाअखेर १३ लाखांच्या पुढे गेली. कळप वाढल्याने गवत अधिक खाल्ले जाऊ लागले, वणवे कमी झाले व झाडे वाढली.

याउलट, वाइल्डबीस्टच्या पिल्लांपासून पसरणारा एक विषाणुजन्य ज्वर गुरांना प्राणघातक ठरतो. त्यामुळे मासाई गुराखी विणीच्या काळात आपली गुरे त्या मैदानांपासून दूर ठेवतात.

मानवाकडून शिकार

मांस, कातडे व शिंगे यांसाठी वाइल्डबीस्टची शिकार केली जाते. दक्षिण आफ्रिकेत त्याच्या मांसापासून बिल्टाँग हा सुकवलेला पदार्थ बनवतात, तर काळ्या वाइल्डबीस्टच्या शेपटीपासून माश्या वारण्याच्या चवऱ्या केल्या जात. सेरेंगेटीच्या सीमेवर तारेचे फास लावून होणारी अवैध शिकार ही मोठी समस्या आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकऱ्यांच्या बेसुमार शिकारीमुळे काळा वाइल्डबीस्ट नामशेष होण्याच्या बेतास आला. काही शेतमालकांनी आपल्या कुंपणबंद जमिनींवर राखलेल्या थोड्या प्राण्यांमुळे ही जात वाचली.

कुंपणे व संवर्धन

ज्या कुंपणांनी काळ्या वाइल्डबीस्टला तारले, तशाच कुंपणांनी निळ्या वाइल्डबीस्टचे मोठे नुकसान केले. बोट्स्वानात लाळ्या-खुरकूत रोगाचा फैलाव रोखण्यासाठी १९५० च्या दशकापासून लांब कुंपणे उभारण्यात आली. त्यामुळे कालाहारीतील कळपांचे पाण्याकडे जाणारे मार्ग तुटले व १९८० च्या दशकातील दुष्काळात हजारो प्राणी तहान-भुकेने मेले. केनियात नैरोबीच्या दक्षिणेकडील अथी-कापुटिएई मैदानांवर १९७० च्या दशकाअखेर २५ हजारांहून अधिक वाइल्डबीस्ट होते. वस्त्या, रस्ते व कुंपणे वाढल्यामुळे २०११ च्या सुमारास त्यांची संख्या ३ हजारांच्या आसपास उतरली. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून डांबरी महामार्ग नेण्याच्या टांझानिया सरकारच्या प्रस्तावाविरुद्ध पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला.

काळ्या वाइल्डबीस्टपुढेही कुंपणामुळेच नवा प्रश्न उभा आहे. शिकारीसाठी राखलेल्या खासगी जमिनींवर दोन्ही जाती एकत्र ठेवल्यास त्यांचा संकर होतो. संकरित संतती प्रजननक्षम असल्याने काळ्या जातीची शुद्धता धोक्यात येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत दोन्ही जाती सध्या 'कमी चिंता' या गटात आहेत. मात्र निळ्या वाइल्डबीस्टचे भवितव्य मोकळ्या मार्गांवर, तर काळ्याचे दोन्ही जाती वेगळ्या राखण्यावर अवलंबून आहे.