तिसऱ्या दिवसाचा घोडा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात बॅडमिंटन नावाचा एक जुना सरदारी वाडा आहे. पिसांच्या फुलाने खेळल्या जाणाऱ्या ज्या खेळाचे आरंभीचे नियम आपल्या पुण्याच्या छावणीत बांधले गेले, त्या खेळाला या वाड्याचे नाव मिळाले हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु अश्वविद्येच्या जगात या वाड्याची ख्याती निराळ्याच कारणाने झालेली आहे. दरसाल मे महिन्याच्या आरंभी त्याच्या विस्तीर्ण आवारात घोडा आणि स्वार या जोडीची जी त्रिविध परीक्षा घेतली जाते, तिला इव्हेंटिंग म्हणतात, आणि त्या परीक्षेत बॅडमिंटनचा मान सर्वमान्य आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या आणि घोडा म्हणजे वरातीचा किंवा चित्रातला एवढीच ओळख उरलेल्या आपल्या मालवणी मुलखातील वाचकापुढे या स्पर्धेची हकीकत सविस्तर मांडावीशी वाटते, कारण तिच्या मुळाशी असलेली दृष्टी आपल्या पूर्वजांना परकी नव्हती.

ही स्पर्धा मुळात करमणुकीसाठी निर्माण झालेली नाही. लष्करातील घोड्याला तीन गोष्टी याव्या लागत: संचलनाच्या मैदानावर स्वाराच्या मांडीच्या किंचित दाबाला आणि लगामाच्या हलक्या खुणेला प्रतिसाद देणे, निरोप घेऊन जाताना ओढे, कुंपणे आणि खंदक ओलांडीत मैलोगणती दौडणे, आणि एवढे श्रम करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकरीला उभे राहणे. 1902 साली फ्रेंच लष्कराने या तिन्ही गुणांची एकत्र कसोटी पाहणारी स्पर्धा पॅरिसमध्ये भरविली, आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये काउंट फॉन रोझेन या स्वीडिश दरबारी गृहस्थाच्या खटपटीने तिला जागतिक स्थान मिळाले. त्या वर्षीच्या परीक्षेत 55 किलोमीटरांची दौड होती. तीत स्वीडनचा ॲक्सेल नोर्डलांडर 'लेडी आर्टिस्ट' या घोडीवर विजयी झाला. पुढे कित्येक वर्षे हा मान फक्त सनदी लष्करी अधिकाऱ्यांचाच राहिला. शिपायाला तेथे मज्जाव होता, नागरिकाला होता, आणि स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. नागरिकांस 1952 साली प्रवेश मिळाला, आणि 1964 साली टोकियोत लाना द्यू पाँ ही अमेरिकन स्त्री या परीक्षेस बसली व संघाचे रौप्यपदक घेऊन परतली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर 1948 साली ऑलिंपिक लंडनला भरले, आणि घोडेस्वारीचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रजांना या प्रकारात घरच्या मैदानावर यश आले नाही. दहावे ड्यूक ऑफ बोफर्ट हे त्या वेळी राजघराण्याच्या अश्वशाळेचे प्रमुख सरदार होते. आपल्या स्वारांना सरावासाठी योग्य जागा मिळावी या हेतूने त्यांनी वाड्याचे आवार खुले केले आणि 1949 साली पहिली स्पर्धा भरविली. ती जॉन शेडन याने 'गोल्डन विलो' या घोड्यावर जिंकली. पाचच वर्षांनी, 1954 साली, मार्गारेट हफ या स्त्रीने तेथे पहिला क्रमांक पटकाविला, म्हणजे ऑलिंपिकमधील या परीक्षेचे दार स्त्रियांसाठी उघडण्यापूर्वी पुरी दहा वर्षे. शीला विलकॉक्सने 1957 पासून ओळीने तीन वर्षे ही स्पर्धा जिंकली, आणि ल्युसिंडा ग्रीनने 1973 ते 1984 या काळात सहा वेळा जिंकली, त्याही सहा निरनिराळ्या घोड्यांवर. एका असामान्य घोड्याच्या जिवावर एकदा जिंकणे ही भाग्याची गोष्ट होऊ शकेल. सहा भिन्न स्वभावांच्या प्राण्यांचा विश्वास संपादन करून सहा वेळा जिंकणे ही विद्या आहे, आणि या स्पर्धेच्या सबंध इतिहासात मला तरी याहून मोठा पराक्रम दिसत नाही.

आता परीक्षेचे स्वरूप. पहिला भाग ड्रेसाजचा. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखीव अंगणात घोड्याने कदमचाल, दुडकी आणि संथ दौड या चालींतून ठरलेल्या आकृती काढावयाच्या, आणि स्वाराने काही सांगितले हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये अशा बेताने त्या काढावयाच्या. दुसरा भाग क्रॉस-कंट्रीचा. सहा-सात किलोमीटरांच्या माळरानावर चाळिसांच्या आसपास अडथळे असतात, आणि मिनिटाला सुमारे 570 मीटर या वेगाने ते पार करावयाचे असतात. बहुतेक अडथळे पक्के आणि अचल: ओंडके, खंदक, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि आपल्याकडे कुळागराच्या कडेने जांभ्या दगडाचा जो गडगा घालतात तशा भिंती. घोडा एकदा अडला तर वीस दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा अडला तर चाळीस. स्वार खाली पडला तर तो स्पर्धेतून बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागणाऱ्या दर सेकंदाला दंड आहे, मात्र वेळेच्या आत पोहोचल्याबद्दल बक्षीस काहीही नाही. तिसरा भाग मैदानातील उड्यांचा. तेथील दांड्या नुसत्या टेकविलेल्या असतात, खुराचा धक्का लागला की पडतात, आणि पडलेल्या प्रत्येक दांडीला चार दंडगुण बसतात. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी.

कागदावर परीक्षा एवढीच आहे. परंतु तिचे खरे मर्म, माझ्या मते, या तिन्ही भागांत नसून दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधल्या एका सकाळी आहे. क्रॉस-कंट्रीची दौड झाल्यावर रात्री घोड्याला कोणी झोपू देतो असे समजू नये, आणि मोतद्दारालाही झोप नसते. पाय थंड पाण्यात आणि बर्फात धरावयाचे, गुडघ्याखालच्या शिरा हाताने चाचपून कोठे ऊब लागते काय ते पाहावयाचे, नालांचे खिळे तपासावयाचे, दर काही तासांनी बाहेर काढून सावकाश चालवावयाचे, जेणेकरून अंग आखडू नये. सकाळ झाली की आयाळीच्या बारीक वेण्या घालून, अंगावर खरारा करून, खोगीर न घालता घोडा वाड्यासमोर आणला जातो. पंच आणि अश्ववैद्य रांगेने उभे असतात. स्वार स्वच्छ, उंची पोशाखात स्वतः लगाम धरून पायी चालतो. प्रथम कदमचालीने पुढे, मग वळून कडक जमिनीवर दुडक्या चालीने परत. नालांचा आवाज चार ठोक्यांचा दोन ठोक्यांवर येतो, आणि जमलेले लोक त्या दोन ठोक्यांत काही कमीअधिक आहे काय हे कान देऊन ऐकतात. पुढचा एखादा पाय टेकताना मान थोडी वर उचलली जात असेल तर तो पाय दुखतो आहे असे समजावे, हे तेथील लहान मूलसुद्धा जाणते. शंका आली की घोडा बाजूला घेऊन पुन्हा तपासतात, आणि दुसऱ्यांदाही समाधान झाले नाही तर तो तेथेच स्पर्धेबाहेर जातो, मग आदल्या संध्याकाळी तो पहिल्या स्थानावर का असेना.

घोड्याच्या जिवाची ही काळजी सहजासहजी आलेली नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाण्यातील एका अडथळ्यावर घोडे एकामागून एक कोसळले. तीन घोडे प्राणास मुकले. जर्मनीचा फॉन वांगेनहाइम तेथे पडून गळपट्टीचे हाड मोडले असताना पुन्हा खोगिरावर चढला, आणि दुसऱ्या दिवशी हात झोळीत घालून उड्यांच्या मैदानात उतरला, म्हणून त्याची गाथा आजही सांगितली जाते. माणसाच्या धैर्याची ती गाथा खरी आहे. पण मेलेल्या तीन घोड्यांची नावे कोणी सांगत नाही. त्यानंतरच्या काळात अडथळ्यांची रचना बदलली, धक्का बसताच निखळणाऱ्या खिट्या आल्या, आणि 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून क्रॉस-कंट्रीपूर्वीची लांब रस्त्याची दौड काढून टाकण्यात आली. तरीही अपघात संपलेले नाहीत, आणि ही स्पर्धा निर्दोष आहे असा दावा तिच्या भक्तांनीही करू नये.

आता आपल्याकडे वळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटात शिवराजेश्वराचे जे मंदिर आहे, त्यातील शिवाजी महाराजांची मूर्ती वीरासनात बसलेली, दाढीविरहित आणि दर्यावर्दी माणसाच्या शिरस्त्राणाची आहे. घोडा तेथे नाही. या किनाऱ्याने महाराजांना दर्याचे धनी म्हणून ओळखले आणि ते यथायोग्यच होते. परंतु त्याच कोकणात, चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास जे पत्र लिहविले, ते अश्वपालनाच्या इतिहासात अग्रस्थानी ठेवावे अशा योग्यतेचे आहे. पावसाळ्यासाठी छावणी पडली आहे; दाणा आणि वैरण मोजकी आहे. ती आरंभीच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि त्यांच्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल, असे ते बजावतात. वैरण संपली म्हणून शिपाई रयतेच्या दाण्याला, भाजीला हात घालतील, आणि मग रयत म्हणेल की मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेतो. गंजीजवळ आगट्या पेटवू नका. एका ठिणगीने वैरण गेली म्हणजे पागा गेली. नाना स्वाऱ्यांत गुंतलेल्या राजाला गंजीतल्या उंदराची आठवण राहते, याचा अर्थ असा की घोड्याचे बळ रणांगणावर नव्हे, ठाणावर तयार होते हे त्याला पक्के ठाऊक होते.

पागेचा बंदोबस्तही त्याच धोरणाचा होता. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. महाराजांचा बखरकार सभासद याने नोंदविल्याप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाण्याची पखाल आणि नाल या दोन गोष्टींना लष्कराच्या मूळ रचनेतच जागा दिलेली पाहून बॅडमिंटनच्या मोतद्दारालाही आपलेपणा वाटेल. घोडे आणावयाचे कोठून हाही प्रश्न या किनाऱ्याशीच निगडित होता. अरबस्तान आणि होर्मुझ येथील घोडे जहाजांतून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत आणि घाट चढून दक्षिणेच्या सुलतानांकडे व विजयनगरकडे जात. गोवा हाती आल्यावर पोर्तुगिजांनी या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे घेण्याची पराकाष्ठा केली. देशावरच्या भीमेच्या खोऱ्यात अरबी रक्ताशी देशी घोडीचा संकर होऊन जे भीमथडी तट्टू निपजले, ते दिसावयास लहान, पण खडकाळ घाटांत न थकणारे.

या परंपरेचा एक धागा थेट या स्पर्धेपर्यंत पोहोचतो. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळे एकत्र करून 1953 साली जे 61 वे घोडदळ उभे राहिले, त्यात शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानचे लान्सर्स होते. याच घोडदळातील रघुबीर सिंग याने 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत, जेथे अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला होता, 'शहजादा' या घोड्यावर इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. रौप्यही भारताकडेच आले आणि संघाचे सुवर्णही. पुढे इंद्रजित लांबा 1996 साली अटलांटा ऑलिंपिकला गेले. मुंबईचे इम्तियाझ अनीस 2000 साली सिडनीत 'स्प्रिंग इनव्हेडर'वर तिन्ही भाग पार करून तेविसावे आले. मग वीस वर्षे ऑलिंपिकमध्ये भारताचा स्वार नव्हता. बंगळूरच्या एका अश्ववैद्याचा मुलगा फवाद मिर्झा याने 2018 च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक रौप्य आणले, आणि त्यानंतरच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तोही तेविसावाच आला. 2025 साली थायलंडमधील पट्टाया येथे आशियाई अजिंक्यपदस्पर्धेत आशीष लिमये यांनी 'विली बी डन' या घोड्यावर इव्हेंटिंगचे सुवर्णपदक जिंकले. एवढ्या मोठ्या बातमीला मराठी वृत्तपत्रांनी जितकी जागा द्यावयास हवी होती तितकी दिली नाही, याची मला खंत आहे.

आपल्या जिल्ह्यात इव्हेंटिंगचे मैदान नजीकच्या काळात होईल अशी अपेक्षा मी करीत नाही. तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही, आणि आपली भूमी, आपले हवामान, आपली उपजीविका निराळी आहे. पण बैलगाडीच्या शर्यती आपल्याकडे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली घातलेली बंदी उठून 18 मे 2023 च्या निकालाने महाराष्ट्राच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाल्यापासून त्या उजळ माथ्याने भरविता येतात. शर्यतीपूर्वी बैलांची तपासणी करावयाची आहेच. माझी विनंती या शर्यती भरविणाऱ्या मंडळांना आहे. बक्षीस शर्यत संपताच ढोलताशांच्या गजरात देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, जुंपणी नसलेले बैल पशुवैद्यासमोर मोकळे चालवा. पाठीवर, शेपटीवर, खुरांवर हात फिरवून पाहा. आणि जो बैल आदल्या दिवसाइतकाच स्वस्थ चालेल, त्याच्याच धन्याच्या हाती ढाल द्या. यास कायद्यात बदल नको, सरकारी अनुदान नको; पंचायतीचे मैदान, एक पशुवैद्य आणि सकाळचा एक तास पुरे.