कोणत्या दिवशी कोणता चित्रपट?

काही वर्षांपूर्वी १३ एप्रिलच्या रात्री वस्तीत दाखवावयाचा चित्रपट निवडण्याचे काम जयंती मंडळाने माझ्यावर सोपविले. मी 'सद्गती' निवडला. प्रेमचंदांची कथा, सत्यजित राय यांचे दिग्दर्शन, १९८१ साली दूरदर्शनसाठी झालेली निर्मिती आणि लांबी तासाभराच्या आतली. मला तो सर्व दृष्टींनी योग्य वाटला. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी दुखी ब्राह्मणाच्या दारी जातो, उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो, आणि त्याचे प्रेत दोरी बांधून ओढत नेले जाते. पडदा काळा झाला तेव्हा मंडपात कोणी बोलले नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "पोरी, उद्या आपला सण हाय. आज आमचं मढं कशापायी दावलंस?"

चित्रपट थोर होता. दिवस चुकला होता. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे.

चित्रपट हा करमणुकीचा विषय, त्याची चर्चा येथे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपले मेळावे, वसतिगृहे, अभ्यासवर्ग आणि जयंत्या यांत आता पडदा आणि प्रोजेक्टर आले आहेत. व्याख्यानाचा वक्ता आपण विचारपूर्वक ठरवितो. चित्रपट मात्र जो हाती लागेल तो लावतो. दोन-तीन तास सबंध वस्तीचे मन ज्याच्या ताब्यात द्यावयाचे, त्याची निवड अशी होऊ नये.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की दलितांवरचा चित्रपट तेवढ्यानेच दलितांचा होत नाही. 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये देविका राणीची कस्तुरी अखेरीस जीव देते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये नूतनने रंगविलेली मुलगी पालक आईला रक्त देते, तेव्हा कुठे तिला मुलगी म्हणून जागा मिळते. दोन्ही चित्रपटांचे हेतू चांगले होते. पण अस्पृश्याने आपली माणुसकी रक्त देऊन किंवा प्राण देऊन सिद्ध करावी, ही अट त्यांत आहेच. असे चित्रपट टाकून देऊ नयेत. ते अभ्यासवर्गाचे चित्रपट आहेत. ते दाखवावेत आणि मुलांना विचारावे: ही करुणा कोणाची? ती कोणाच्या सोयीची?

त्याच वर्गात पुढे 'अंकुर' (१९७४) आणि 'फँड्री' (२०१३) लागोपाठ दाखविता येतात. श्याम बेनेगलांच्या चित्रपटात शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. पहिला दगड आपण बाजूला बसून पाहतो, दुसऱ्या वेळी बाजूला बसण्याची सोय राहत नाही. या चाळीस वर्षांत कॅमेरा कोणाच्या हाती आला, हे त्यावरून विद्यार्थ्यांना आपोआप समजते. माझ्या मते 'फँड्री' विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांना दाखविला पाहिजे. वर्गमित्रांच्या देखत डुक्कर धरावे लागणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हे आपल्यापैकी कित्येक शिक्षकांना ठाऊकच नसते.

वसतिगृहात जूनमध्ये नवी मुले येतात, तो काळ वेगळा. घर सुटलेले असते, वर्गातले इंग्रजी डोक्यावरून जात असते. मीही त्यातूनच आले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. या मुलांसाठी मारी सेल्वराज यांचा तमिळ चित्रपट 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) मला फार मोलाचा वाटतो. कायद्याच्या महाविद्यालयात आलेला परियन इंग्रजीपुढे हतबल होतो, अपमान सोसतो, मार खातो, पण शिक्षण सोडत नाही. शेवटी चहाचे दोन पेले आणि त्यांच्यामध्ये एक फूल एवढेच पडद्यावर उरते. चित्रपटात हिंसा आहे, ती आधी सांगावी. भाषेची अडचण असेल तर एकाने मधून मधून मराठीत सांगत जावे.

जयंतीला मात्र आनंद हवा. 'झुंड' (२०२२) मध्ये वस्तीतली मुले फुटबॉल खेळतात, आणि त्यात जयंतीची मिरवणूकही आहे. आपला सण मोठ्या पडद्यावर पाहण्याचे सुख लहानसहान नाही. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) जयंतीला चालतोच, पण तो सुमारे तीन तासांचा आहे. मिरवणुकीने थकलेल्या माणसांपुढे तो रात्री अकराला लावू नये. ६ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यात दोन संध्याकाळी तो पाहिला, तर अधिक मुरतो.

स्मरणाच्या दिवसासाठी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून हा चित्रपट सुरू होतो. तो करावयास चौदा वर्षे लागली. तीन तासांहून मोठा असल्यामुळे तोही दोन भागांत दाखवावा आणि मध्ये शाहिरांची गाणी ठेवावीत.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे गावात अत्याचार घडून गेल्यानंतरचे दिवस. पोलीस कोठडीतला छळ दाखविणारा 'जय भीम' (२०२१) किंवा 'सैराट'चा (२०१६) शेवट अशा वेळी जखमेवर मीठ चोळतो. ज्यांच्या घरात नुकतेच रक्त सांडले आहे त्यांना पडद्यावर रक्त नको असते; त्यांना वकील, साक्षीदार आणि सोबत हवी असते. तेव्हा पडदा गुंडाळून ठेवावा. पुढे खटला उभा राहिला आणि त्यांचीच इच्छा असली, तर 'जय भीम' पाहावा. १९९३ सालच्या खऱ्या प्रकरणावरचा तो चित्रपट न्यायालयीन लढाईची चिकाटी शिकवितो.

थोडक्यात, निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पाहणारे कोण आहेत? आज त्यांच्या मनात काय आहे? दिवे लागल्यावर बोलावयास वेळ आणि माणूस आहे काय? तिसऱ्याचे उत्तर नाही असे असेल, तर दुःखाचा चित्रपट लावू नये. ज्याने चित्रपट निवडला त्याने तो आधी संपूर्ण पाहिलेला असावा, हे तर सांगावयासच नको.

पुढच्या वर्षी आम्ही 'सद्गती' पुन्हा दाखविला, पण डिसेंबरात, अभ्यासवर्गात. ती म्हातारी आली होती. चित्रपट संपल्यावर ती तासभर बोलली: तिच्या सासऱ्याच्या वेठबिगारीविषयी. ते सारे मुलांनी उतरवून घेतले.